भाव बाहेरचा, कोटेशन गावातलं

१८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला आला, तो जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू करायला. कापसाच्या गाठी बैलगाडीत न अडकता मुंबईच्या बंदराकडे निघाव्यात, एवढ्यासाठी घातलेला तो लोहमार्ग. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडले गेले आणि लिव्हरपूलचा कापूसभाव वऱ्हाडात यायला आठवडे लागेनासे झाले. दुसरीकडे ठरलेल्या भावावर आपला धंदा बेतायची बुलढाणा जिल्ह्याची सवय इतकी जुनी. कापसाच्या बाबतीत त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. छापखान्यांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक त्यांचाही पेच तोच, फक्त उलट्या बाजूने: कापूसवाला विकताना परक्या भावाला बांधलेला, छापखानेवाला विकत घेताना.

जिल्ह्यात छपाईचा कच्चा माल म्हणावा असं काही तयार होत नव्हतं. १९१० साली निघालेलं बुलढाण्याचं इंग्रजी गॅझेटिअर छापलं गेलं ते कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्यात. गावातल्या छापखान्यांना लागणारे देवनागरी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, मुंबईचे. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये ओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून चांगल्या खिळ्यांसाठी नजर तिकडेच. खिळे वजनावर विकले जात आणि झिजले की धातूच्या भावाने परत जात. कागद विलायती, नाहीतर पुण्यामुंबईच्या किंवा बंगालमधल्या टिटागढसारख्या गिरणीतला. शाईही बाहेरचीच. मालकाच्या हातात उरायची ती जुळाऱ्यांची मजुरी, पायाने हाकायची ट्रेडल आणि हिशेब.

त्या हिशेबात धंदा बसायचा किंवा तरायचा. हे फक्त इकडचंच नव्हे. १९०९ साली अमेरिकेतले मुद्रक शिकागोला खर्चहिशेबाच्या परिषदेसाठी जमले, कारण आपल्या कामाचा खरा खर्च किती हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यापेक्षा दोन पैसे कमी सांगायचं आणि वर्षाअखेरीस तोंड पाडून बसायचं. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या पोर्ट कंपनीने मुद्रकांसाठी किमतींची छापील यादीच काढली. कामाचा प्रकार आणि प्रती पाहा, आकडा वाचा, गिऱ्हाइकाला सांगा. आपल्याकडे असा तयार ग्रंथ तालुक्यापर्यंत कधी आला नाही. इथे चालायची मालकाच्या गल्ल्यातली वही. कागदवाल्याचं पत्र आलं की जुना भाव खोडायचा, शेजारी नवा लिहायचा. अशी वही मालकाच्या डोक्याची बायको, असं कुणी म्हटलं तर ते खोटं ठरू नये. तिच्यावाचून त्याचं पान हलत नसे आणि तो ती दुसऱ्या कुणाला दाखवतही नसे.

वहीतला भाव उतरवून घेणं सोपं, तो कामाला लावणं अवघड. कागद मोजायचा तावावर, वापरायचा रिमावर, विकला जायचा वजनावर. जुना दस्ता चोवीस तावांचा आणि वीस दस्त्यांचं रीम, म्हणजे ४८० ताव. नंतर ५०० चं रीम रुळलं. पूर्वी कागदाची जाडी पौंडात सांगत, इतक्या पौंडी म्हणजे एका रिमाचं तितकं वजन. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली. किलो आणि जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) रुजले, पण तावाची लांबी-रुंदी आजतागायत इंचातच राहिली. दोन्हींची सांगड घालणारं गणित मुद्रकांना तोंडपाठ असतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले ३१००. वीस बाय तीसचा साठ जीएसएम कागद घेतला तर रिमाचं वजन ११.६ किलो निघतं.

आता याच कागदावर तावाला आठ या हिशेबाने एक लाख पत्रकं काढायची आहेत. ताव लागतील १२,५००, म्हणजे २५ रीम, २९० किलो. कागदवाल्याने किलोमागे दोन रुपये वाढवले आणि मालकाने वही बघितली नाही, तर फक्त कागदात ५८० रुपये गेले. यंत्र लावताना खराब होणारे ताव त्यात धरलेलेच नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेत अशा कामावर सुटणारा नफा कित्येकदा एवढाच असतो.

भाव वाढणं निराळं आणि कागदच न मिळणं निराळं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशी गिरण्यांच्या कागदाचा मोठा हिस्सा स्वतःच्या कामासाठी राखून ठेवला. १९४४ च्या नियंत्रण आदेशाने कुणी किती कागद वापरायचा यालाही वेसण घातली. अशा दिवसांत भावाची यादी नावापुरती. सत्तरच्या दशकात पुन्हा तसंच झालं: शालेय पुस्तकं आणि वह्यांसाठी सवलतीच्या दराचा पांढरा कागद, बाकीच्यांना खुल्या बाजारातला. एकाच जातीच्या कागदाला दोन भाव म्हटल्यावर मधल्या मध्ये जे व्हायचं ते होतंच. बिलावर एक आकडा, वर ‘ऑन’चा दुसरा, आणि दुसरा वहीत लिहायची सोय नाही.

बुलढाण्यापुरती यातली खरी गंमत नेपानगरची. जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीला लागून असलेल्या निमाडच्या मुलखात भारतातली पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी उभी राहिली. १९४७ साली कंपनी, पंचावन्नच्या सुमारास उत्पादन, आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते रीतसर उद्घाटन. सातपुड्याच्या जंगलातला सालई आणि बांबू हा तिचा सुरुवातीचा कच्चा माल. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या माणसाला नेपानगर काही परदेश नव्हे. पण गिरणी जवळ असल्याने कागद हाताशी आला असं झालं नाही. १९६२ च्या आदेशानंतर वृत्तपत्र-कागद कोट्यावर मिळू लागला. कुणाला किती द्यायचा ते दिल्लीत ठरे, आणि गावातल्या साप्ताहिकाचा संपादक खपाचे दाखले जोडून अर्ज करत बसे. ही नियंत्रणं सुटायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि हा कागद तरी वर्तमानपत्राचा. पावतीपुस्तकाला, लग्नपत्रिकेला त्याचा काय उपयोग!

ऑफसेट आणि संगणकावरची जुळणी आली तेव्हा खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या आणि मालकाचं काम हलकं होईल असं वाटलं. झालं उलटं. पूर्वी जुळणी, छपाई, बांधणी एकाच छपराखाली; बाहेरचा म्हणाल तर कागद आणि शाई. आता प्लेट एकाकडची, लॅमिनेशन दुसरीकडे, पंचिंग तिसरीकडे, कॅलेंडरं शिवकाशीहून, पत्रिकांची तयार कार्डं ठोक व्यापाऱ्याच्या आल्बममधून. प्रत्येकाची दरयादी वेगळी आणि प्रत्येकाचं मापही वेगळं. कागद किलोने, आर्ट कार्ड पाकिटाने, प्लेट नगाने, लॅमिनेशन चौरस इंचाने. दरयाद्या हाच मुद्रकाचा मुख्य कच्चा माल होऊन बसला.

अंदाजपत्रकाची सॉफ्टवेअरं याच अडचणीतून आली. विक्रेत्यांच्या याद्या भरण्याचा त्यातला भाग बघितला की जुनी वहीच रकाने पाडून समोर आल्यासारखी वाटते: विक्रेता, गिरणी, आकार, जीएसएम, एकक, दर, कर, भाडं. भर पडली ती मुख्यतः दोन गोष्टींची. किलोचा दर टाकला की ३१०० चा भागाकार यंत्र करतं. आणि दर कधीपासून लागू, याला स्वतंत्र जागा आहे. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची. वहीत जुना भाव खोडला जायचा. मग सहा महिन्यांपूर्वीचं काम कोणत्या भावाने घेतलं होतं ते सांगणार कोण? तारखेसह ठेवलेल्या यादीत जुना दर आपल्या जागी राहतो, म्हणून तेच पावतीपुस्तक पुन्हा छापायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाढ कशाची ते दाखवता येतं. अर्थात यादी भरणारा माणूस पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ज्याने त्या दिवशी रकाना बदलला नाही, त्याच्या संगणकाने चुकीचं उत्तर अगदी सुबक अक्षरात छापून दिलं असणार.

हिशेब बसला की पुढचा टप्पा कोटेशनचा. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांची कामं तीन कोटेशनांवर चालतात, आणि ती तिन्ही कधीकधी एकाच वळणाच्या भाषेत येतात, हे गावात कुणापासून लपलेलं नाही. निवडणुकीत मात्र भावाची यादी मुद्रकाची राहतच नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी पत्रकं, फलक, मंडप, वाहनं अशा वस्तूंचं दरपत्रक राजकीय पक्षांशी बोलून ठरवतात आणि उमेदवाराचा खर्च तपासताना ते समोर ठेवलं जातं. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, आणि प्रकाशकाच्या घोषणापत्रासह त्याची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. त्यामुळे आचारसंहिता लागली की मुद्रकाला दोन याद्या उघड्या ठेवाव्या लागतात, एक कागदवाल्याची आणि दुसरी कलेक्टर कचेरीची. दोन्हींमध्ये फरक पडला तर उमेदवाराचा माणूस मुद्रकाकडेच येतो.