नाव कुणाचं, मालकी कुणाची?

माझे मामू कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवायचे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या पार्टीची एक कॅसेट निघाली. रेकॉर्डिंग एका दुपारीच उरकलं. सगळ्यांना मिळून एकदाच रोख रक्कम मिळाली आणि विषय संपला. ती कॅसेट पुढे कित्येक वर्षं उरुसात विकली जात होती. कव्हरवर दर्ग्याचा फोटो होता, मुख्य कव्वालाचं नाव होतं आणि कंपनीचं नाव त्याहून मोठं होतं. मामूंचं नाव कुठेच नव्हतं. “ठेका माझा आहे, हे आता फक्त मलाच माहीत,” असं ते हसून म्हणायचे.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण बंदी, सेन्सॉर, फतवे यांवर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण इतिहास पाहिला तर हे स्वातंत्र्य अनेकदा अगदी साध्या जागी अडतं. कला लोकांपर्यंत नेणारा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे आणि करारात काय लिहिलं आहे, हे दोन प्रश्न बरंच काही ठरवतात.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. आर्मेनियन वंशाच्या ख्रिस्ती घरात तिचा जन्म झाला होता. पुढे आईने इस्लाम स्वीकारला आणि मुलगी गौहर झाली. मैफलीत तासभर रंगणारं गाणं तिने तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांत बसवलं. शेवटी ती इंग्रजीतून आपलं नाव सांगायची. कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या लोकांना गायिका कोण हे कळणं गरजेचं होतं. कारखान्याच्या सोयीसाठी उच्चारलेलं ते नाव आज शंभर वर्षांनंतरही ऐकू येतं. साथीच्या सारंगिये-तबलजींना मात्र त्या काळच्या तबकड्यांवर क्वचितच जागा मिळे.

कॉमिक्समध्येही हेच घडलं. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला प्रकाशकाला विकले. प्रकाशकाने त्यावर अफाट पैसा कमावला. हे दोघे कोर्टकचेऱ्या करत हलाखीत म्हातारे झाले. शेवटी १९७५ मध्ये लोकांच्या दबावामुळे त्यांना वार्षिक मानधन मिळालं आणि निर्माते म्हणून नाव परत आलं. मालकी आली नाही.

मजकुरावरचं बंधनही विक्रीच्या वाटेनेच आलं. १९५४ साली अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली. तिचा शिक्का नसलेलं कॉमिक्स वितरक आणि दुकानदार घेईनात. सरकारी बंदीची गरजच उरली नाही. १९६८ मध्ये रॉबर्ट क्रम्बने ही वाटच सोडली. ‘झॅप’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत ठेवून विकला गेला. पुढे १९९२ मध्ये मार्व्हलचे सात नावाजलेले चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी ‘इमेज’ काढली. तिथला नियम असा की पात्राची मालकी ज्याने ते घडवलं त्याची, प्रकाशकाची नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात तर कर्त्याचं नाव दडवलंच जाई. अटारी कंपनी गेम बनवणाऱ्याचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेटने १९८० साली बाजारात आलेल्या ‘अॅडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली बनवली आणि तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला त्याची खबर नव्हती. एका मुलाने खेळता खेळता ती खोली शोधली, तेव्हा गुपित फुटलं. त्याआधीच, १९७९ मध्ये, अटारीचे चार प्रोग्रॅमर नाव आणि मोबदल्याच्या प्रश्नावरून बाहेर पडले होते. त्यांच्या ‘अॅक्टिव्हिजन’ने गेम बनवणाऱ्याला नावानिशी पुढे आणलं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ‘डूम’ आला. त्याचा पहिला भाग फुकट वाटला गेला आणि पुढचे भाग लोकांनी थेट निर्मात्यांकडून मागवले. दुकानाचा फळा न गाठताही गेम जगभर पोचला.

२००७ मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडने कंपनीशी करार संपल्यावर आपला अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यांवर सोपवली. त्याचं खूप कौतुक झालं. पण त्यांचं नाव आधीच मोठं झालेलं होतं आणि ते मोठं करण्यात जुन्या कंपनीचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. अनोळखी गायकाला हा रस्ता इतका सोपा नसतो.

आपल्याकडे कॅसेटने रस्ता खरोखर मोकळा केला. ऐंशीच्या दशकापर्यंत बाजार मोजक्या बड्या कंपन्यांच्या हातात होता. कॅसेट स्वस्त होती, छोटं दुकानही ती काढू शकत होतं. कव्वाली, भीमगीतं, लोकगीतं गावोगाव पोचली. मात्र मामूंचा हिशेब तसाच राहिला. रस्ता खुला झाला म्हणजे हक्क मिळाला, असं होत नाही. हक्क वेगळा मागावा लागतो, लिहून घ्यावा लागतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा दिला. तो करारातही सोडून देता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ठामपणे बाजू मांडली होती.

आज यूट्यूबवर कुणीही गाऊ शकतो. मामूंची ती कव्वालीही तिथे सापडली, कुणा तिसऱ्याच माणसाच्या चॅनलवर. खाली मी एवढंच लिहिलं: ढोलक कुणाची आणि गाव कोणतं. तुमच्या घरीही अशा कॅसेट असतील. जे वाजवत होते त्यांची नावं माहीत असलेली माणसं अजून हयात आहेत, तोवर ती विचारून लिहून ठेवा.