शब्द मागच्या बाकापर्यंत

मोठ्या चर्चमध्ये दोन गरजांचे भांडण फार जुने आहे. ऑर्गनला आणि समूहगानाला निनाद हवा असतो. स्वर एकमेकांत मिसळले की ते भारदस्त वाटतात. प्रवचनाला मात्र हाच निनाद मारक ठरतो. एक अक्षर विरण्यापूर्वी दुसरे येऊन आदळते. मागच्या बाकावरच्या श्रोत्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे शिल्पकार ख्रिस्तोफर रेन यांना ही अडचण ठाऊक होती. नव्या चर्चच्या बांधणीविषयी १७११ साली त्यांनी लिहून ठेवले की, मध्यम आवाज वक्त्याच्या समोर ५० फूट, दोन्ही बाजूंना ३० फूट आणि पाठीमागे २० फूट ऐकू जातो. म्हणून चर्च याहून फार मोठे नसावे. त्यांचे स्वतःचे कॅथीड्रल मात्र सुमारे दीडशे मीटर लांब आहे आणि वर प्रचंड घुमट!

सबीन यांच्या गाद्या

निनादाचे गणित मांडले ते अमेरिकेतील वॉलेस सबीन यांनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. तिथे आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सबीन यांनी जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि प्रत्येक वेळी निनाद किती कमी होतो ते मोजले. त्यांचा निष्कर्ष सोपा होता. सभागृहाचे घनफळ वाढले तर निनाद वाढतो. ध्वनी शोषणारे पृष्ठभाग वाढले तर तो कमी होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. निनाद हा सभागृहाचा गुण आहे. लाउडस्पीकरचा आवाज वाढवला तर शब्दाबरोबर निनादही वाढतो. मग उपाय काय? आवाज जिथे माणसे बसली आहेत तिथेच न्यायचा, घुमटाकडे जाऊ द्यायचा नाही.

फिरती तबकडी

१९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पार्किन आणि टेलर या इंग्रज संशोधकांनी सेंट पॉलमध्ये हेच केले. त्यांनी लहान लाउडस्पीकर एकावर एक रचून उंच, अरुंद स्तंभ तयार केले. अशा स्तंभातून ध्वनी आडवा पसरतो. वर-खाली फारसा जात नाही. श्रोत्यांचे कपडे ध्वनी शोषून घेतात, त्यामुळे निनादाला खाद्य कमी मिळते.

पण स्तंभ दूरदूर ठेवले की नवा प्रश्न उभा राहतो. तारेतून संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, हवेतून ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४३ मीटरच जातो. वक्त्यापासून ३४ मीटरवर बसलेल्याला शेजारच्या स्तंभाचा आवाज आधी ऐकू येईल आणि पुढचा आवाज सुमारे १०० मिलिसेकंदांनी मागाहून येईल. शब्द दोनदा ऐकू येणार!

याचे उत्तर मानवी कानातच होते. हेल्मुट हास यांनी १९४९ साली ग्योटिंगेन येथील प्रबंधात दाखवले की, तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर जो आधी पोहोचतो त्याच दिशेने तो आल्यासारखा वाटतो. मागून येणारा आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर तो अधिक मोठा असला तरी वेगळा जाणवत नाही. म्हणजे मागच्या स्तंभाचा आवाज मुद्दाम उशिरा, पुढच्या आवाजाच्या किंचित मागून सोडला की झाले. श्रोत्याला वाटते, वक्ताच बोलतो आहे.

हा उशीर घडवण्यासाठी चुंबकीय कडा असलेली फिरती तबकडी वापरली गेली. एका ठिकाणी आवाज नोंदवायचा, पुढे कडेवर ठराविक अंतरावर तो वाचायचा. तेवढे अंतर फिरायला लागणारा वेळ हाच उशीर.

चाकाऐवजी आकडे

१९७१ साली लेक्सिकॉन कंपनीच्या यंत्राने हेच काम आकड्यांनी केले. ध्वनीचे नमुने मोजायचे, आकडे साठवायचे आणि काही वेळाने बाहेर काढायचे. तेव्हा स्मृती फार महाग होती. २००० नंतर मात्र बेरिंगरचा डीसीएक्स २४९६ यासारखे स्वस्त प्रोसेसर आले आणि लहान चर्चनाही ते परवडू लागले. तीन आवक, सहा जावक. सेकंदाला ९६,००० नमुने. १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे फक्त ९,६०० आकडे थोपवून धरणे. शिवाय जाड आणि बारीक स्वर वेगवेगळ्या लाउडस्पीकरना वाटून देणे, एखादा घुमणारा स्वर दाबणे ही कामेही तोच खोका करतो.

तरीही स्पीकर कुठे टांगावा, कुणाकडे वळवावा हे त्याला कळत नाही. अंतर मोजून त्याला आकडा द्यावा लागतो, आणि सभागृहाचा निनाद तर त्याच्या हाती मुळीच नाही. त्यासाठी आजही सबीन यांच्या गाद्याच लागतात.

आपल्या शाळेच्या सभागृहात हे पाहता येईल. रिकाम्या सभागृहात एकदा जोराने टाळी वाजवावी आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजावा. मग मुले बसल्यावर तीच टाळी पुन्हा वाजवावी. दोन्ही वेळांतील फरक मुलांनीच समजावून सांगावा, आणि मागच्या रांगेतल्या मुलाला शिक्षकांचे कोणते शब्द निसटतात, हेही त्यालाच विचारावे.