मालक झालेले वेटर

इंडियन कॉफी हाऊसवर लिहायचं म्हटलं की लेखणी आपोआप गिऱ्हाइकांकडे वळते. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे कवी, दिल्लीतले पुढारी, एका कपावर काढलेल्या दुपारी. मला तो कप आणून देणाऱ्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ही कॉफी हाऊसं मुळात सरकारी. देशात कॉफी खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीनं १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं उघडलं. पुढे कॉफी बोर्डानं ती गावोगावी नेली. वेटरचा थाट साहेबाच्या बंगल्यावरचा: पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. १९५०च्या दशकाच्या मध्यावर बोर्डानं ती बंद करायला घेतली आणि कामगारांच्या हाती नारळ दिला.

कामगारांच्या पाठीशी कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन होते. अशा वेळी युनियनचा रस्ता ठरलेला असतो: मोर्चा, निवेदन, नोकरी परत द्या. गोपालन यांनी निराळंच सुचवलं. सहकारी संस्था काढा, कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. ऑगस्ट १९५७मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, ऑक्टोबरात दिल्लीत कॉफी हाऊस सुरू झालं, १९५८मध्ये त्रिशूरला.

सहकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. प्रवरानगरचा कारखानाही साधारण त्याच काळातला. पण तिथं सभासद म्हणजे ऊस पिकवणारा. बॉयलरवरचा कामगार पगारी नोकर, आणि ऊसतोड मजूर तर नोकरही नव्हे. कॉफी हाऊसच्या संस्थेत टेबल पुसणारा, कॉफी आणणारा, गल्ल्यावर बसणारा हेच सभासद. संचालक मंडळ ते आपल्यातूनच निवडतात. हा फरक लहान नाही. ज्याच्या हुकुमानं काम करायचं, त्यालाच मत देऊन निवडायचं, म्हणजे भांडणंही घरातलीच. आणि तोटा झाला तर बोट दाखवायला शेठ नाही.

गंमत म्हणजे मालक झाल्यावरही त्यांनी तो फेटा उतरवला नाही. आजही बऱ्याच ठिकाणी दिसतो.

केरळातल्या या धडपडीची हकीकत एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै यांनी मल्याळममध्ये पुस्तकरूपानं लिहून ठेवली. बोर्डानं काढून टाकलेल्यांपैकीच ते एक.