दार वाजवणारी ताई

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी सर्व्हे करायला आलं की दार अर्धंच उघडतं. "आम्हाला काही नकोय," झालं. आता विचार करा, असंच दार वाजवून एखाद्या बाईला सांगायचं, की तुम्हाला काही त्रास नसला तरी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. कोण येईल?

1897 मध्ये हाफकिननं प्लेगची लस तपासली ती भायखळ्याच्या जेलमध्ये. कैदी स्वतःहून पुढे आले, असं म्हणतात. जेलमधलं 'स्वतःहून', असो.

शंभर वर्षांनी, 1998 मध्ये, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायका अभ्यासात हव्या होत्या. तपासणी सोपी. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगरच, लावायचं. संशयास्पद भाग पांढरा पडतो. लॅब लागत नाही. अवघड होतं ते बायकांनी येणं. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमनं दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवडे ट्रेनिंग दिलं. आधी कॅन्सरची माहिती, मग तपासणी, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. 89 टक्के बायका आल्या! एवढे तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही येत नाहीत.

मी अडकलो पुढच्या आकड्यावर. ज्यांच्यात काही सापडलं, त्यांच्यापैकी पक्कं निदान करून घ्यायला 79 टक्केच गेल्या. म्हणजे पाचातली एक गेलीच नाही. का? माझा अंदाज: तपासणी वस्तीजवळ होती, पुढचं सगळं हॉस्पिटलमध्ये. एक दिवसाची मजुरी, लोकल, घरी काय सांगायचं, आणि 'कॅन्सर' हा शब्द.

2013 मध्ये निकाल आला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

पण उरलेला गट? 76,178 बायका. त्यांना सुरुवातीला फक्त माहिती दिली, तपासणी नाही. मी रोज ए/बी टेस्ट करतो, पण तिथे बटणाचा रंग बदलतो. टीकाकारांनी विचारलं, पॅप स्मिअर नावाची तपासणी असते, हे त्यांना सांगून संमती घेतली का? डॉक्टरांचं उत्तर होतं, देशात तशीही कोणाला नियमित तपासणी मिळत नाही. मला ते उत्तर खरं वाटतं, पुरेसं नाही वाटत.

निकालानंतर या गटालाही तपासणी द्यायचं ठरलं. तोवर पंधरा वर्षं गेली होती.