थांब्यावरची शिदोरी

प्रवासात बरोबर घ्यायच्या अन्नाला मराठीत शिदोरी म्हणतात आणि ती घरून बांधून निघते हे त्या शब्दातच गृहीत असते. जपानी भाषेत ‘एकिबेन’ म्हणून ओळखली जाणारी शिदोरी मात्र वाटेत, रेल्वेच्या फलाटावर, परक्या हातची विकत घेतलेली असते. ‘एकि’ म्हणजे स्थानक आणि ‘बेन’ हे ‘बेन्तो’चे, म्हणजे डब्यात भरलेल्या एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाचे, लघुरूप आहे. हे दोन्ही शब्द आगगाडीपेक्षा कितीतरी जुने आहेत. ‘एकि’ या चिन्हाच्या डाव्या अंगाला आजही घोड्याचे चिन्ह असते, कारण प्राचीन काळी सरकारी जासुदांसाठी राजमार्गांवर घोडे बदलण्याचे जे टप्पे नेमलेले होते, त्यांचे ते नाव होते. रेल्वे आल्यावर लोक इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश करून स्थानकाला ‘स्तेन्शो’ म्हणू लागले, त्याच्या जोडीला ‘तेइशाबा’ म्हणजे गाडी थांबण्याची जागा असाही शब्द होता, परंतु शेवटी घोडे बदलण्याच्या जागेचे नावच इंजिने बदलण्याच्या जागेला चिकटले.

‘बेन्तो’ हा शब्द ‘सोयीचे’ या अर्थाच्या एका जुन्या चिनी शब्दावरून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जेझुइट मिशनऱ्यांनी १६०३ साली नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात तो नोंदलेला असून तेथे त्याचा अर्थ अन्न वाहून नेण्याची खणांची पेटी असा दिला आहे, म्हणजे तोवर तो जेवणापेक्षा भांड्याचा वाचक होता. या मिशनऱ्यांच्या छापखान्याची सामग्री लिस्बनहून जपानला जाताना गोव्यात थांबली होती आणि हारा मार्तिन्यो या तरुण जपानी ख्रिस्ती दूताचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये तिच्यावर गोव्यातच छापले गेले होते. बेन्तोच्या कुळकथेत गोव्याचा संबंध येतो तो इतकाच.

पायी चालण्याच्या काळात जपानी प्रवासी शिजवून वाळवलेला भात किंवा भाताचे मुटके जवळ बाळगत आणि बाकीची भूक वाटेवरच्या चहाघरांत भागवत, ज्यांपैकी तोकाइदो या जुन्या राजमार्गावरील मारिको येथील रताळूसदृश कंदाच्या रश्श्याचे दुकान हिरोशिगे या चित्रकाराच्या चित्रामुळे अजरामर झाले. परंतु एकिबेनला आकार देणारा पूर्वज रस्त्यावर सापडत नाही, तो नाटकगृहात सापडतो. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, काबुकीचे प्रयोग सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालत आणि दोन अंकांच्या मध्ये प्रेक्षकांना जागेवरच खाता येईल असे जेवण विकले जाई, त्याला ‘माकुनोउची’ म्हणजे ‘पडद्यांच्या मधले’ असे नाव पडले. कितागावा मोरिसादा याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लिहिलेल्या चालीरीतींच्या बृहद्ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे: थोडेसे भाजलेले भाताचे चपटे मुटके आणि त्यांच्या सोबतीला अंड्याची वळकटी, ‘कामाबोको’ म्हणजे वाटून उकडलेल्या माशाची वडी, भाजलेले तोफू अशा गोष्टी. रस्सा नाही, सांडणारे काही नाही, एका हातात धरून दुसऱ्या हाताने खाता येते आणि पडदा पुन्हा उघडण्याआधी संपते. विरामात खाण्याच्या अन्नाला लागणारे सगळे गुण येथे आधीच सिद्ध झालेले होते. फक्त त्या विरामाची जागा बदलायची होती.

जपानची पहिली रेल्वे १८७२ च्या ऑक्टोबरात शिम्बाशी आणि योकोहामा यांच्यात सुरू झाली तेव्हा तो प्रवास ५३ मिनिटांचा होता आणि तेवढ्या वेळात कोणालाही जेवणाची गरज भासत नव्हती. गरज निर्माण झाली ती रूळ लांबल्यावर. ‘निप्पोन रेल्वे’ या खासगी कंपनीने १६ जुलै १८८५ रोजी ओमियापासून उत्सुनोमियापर्यंतचा मार्ग खुला केला आणि त्याच दिवशी उत्सुनोमियातील शिरोकिया नावाच्या खाणावळवजा धर्मशाळेने स्थानकावर पहिले एकिबेन विकले असे परंपरा सांगते. त्यात ‘उमेबोशी’ म्हणजे खारवलेले आंबट जर्दाळूवजा फळ आत दडवलेले आणि वरून तीळ लावलेले भाताचे दोन मुटके होते, जोडीला मुरवलेल्या मुळ्याच्या चकत्या होत्या, आणि हे सारे बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेले होते. किंमत ५ सेन, म्हणजे येनचा विसावा भाग. या मार्गावरील तोने नदीचा पूल तेव्हा पुरा झालेला नव्हता, प्रवाशांना मध्येच उतरून नावेने पलीकडे जावे लागे, तेव्हा शिदोरीची उपयुक्तता कोणाला पटवून देण्याची गरज नव्हती. ओसाका, कोबे, उएनो, ताकासाकी या स्थानकांच्या बाजूनेही त्याआधीच्या विक्रीचे दावे केले जातात आणि त्यांतील काही खोडून काढण्यासारखे नाहीत. तरीही १६ जुलै हाच एकिबेनचा स्मरणदिन ठरला आहे. पहिलेपणाच्या वादात बहुधा ज्याची तारीख नेमकी तोच जिंकतो.

उत्सुनोमिया हे निक्को आणि उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या मार्गांवरचे मुक्कामाचे गाव होते. पायी येणारा प्रवासी रात्रीच्या वस्तीला थांबे. आगगाडीने येणारा काही मिनिटांत पुढे जाई. ज्याचे गिऱ्हाईक असे रुळांवरून निघून गेले त्या धर्मशाळावाल्याने गिऱ्हाइकाच्या खिडकीशी जाऊन उभे राहावे हे स्वाभाविक होते, आणि एकिबेनच्या जुन्या घराण्यांत मुक्कामाच्या गावांतील खाणावळी व धर्मशाळा पुष्कळ आढळतात त्या याच कारणाने. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी आणि कोळसा लागे, चढापूर्वी इंजिन बदलावे लागे, आणि हे जेथे घडे तेथे गाडी पाच-दहा मिनिटे उभी राही. गळ्यात अडकवलेल्या लाकडी पाटीत डबे रचून ‘बेन्तो, बेन्तो’ असा पुकारा करीत फलाटावर फिरणाऱ्या विक्रेत्याचा सगळा धंदा त्या पाच-दहा मिनिटांचा होता.

नाटकगृहातील माकुनोउची फलाटावर आले ते १८८९ च्या सुमारास, हिमेजी स्थानकात. मुटक्यांच्या जागी लाकडी पेटीत भात आणि निरनिराळे पदार्थ मांडून दिलेल्या त्या जेवणात भाजलेला ताई मासा, अंड्याची वळकटी आणि कामाबोको होते, आणि पुढील शतकभर ‘साधे’ एकिबेन म्हणजे हाच नमुना राहिला. ही पेटी पातळ चिरलेल्या लाकडाच्या फळ्यांची असते, ते लाकूड भाताचा जास्तीचा ओलावा शोषून घेते आणि स्वतःचा मंद वास भाताला देते. येथे मराठी वाचकाला खटकणारी गोष्ट अशी की हा भात थंडच खायचा असतो. आपल्याकडील बहुतेक तांदळांच्या भातात अमायलोज नावाचा पिष्टाचा घटक तुलनेने जास्त असल्याने तो निवला की मोकळा आणि कडक होतो व सकाळी फोडणीलाच लागतो; जपानी आखूड दाण्यात तो घटक कमी असल्याने भात निवल्यावरही मऊ आणि चिकट राहतो, काड्यांनी उचलता येतो. थंड भात ही तेथील प्रवाशाने नाइलाजाने केलेली तडजोड असती, तर तो दीडशे वर्षे टिकला नसता.

चहाच्या बाबतीत ही तडजोड कोणी केली नाही. तोकाइदो रेल्वेमार्ग १८८९ मध्ये कोबेपर्यंत पूर्ण झाला आणि त्याच वर्षी चहाच्या मळ्यांच्या शिझुओका प्रांतातील मुख्य स्थानकावर ‘किशा-दोबिन’, म्हणजे आगगाडीची किटली, विक्रीस आली. शिगाराकी येथील कुंभारांनी घडवलेल्या या लहानशा मातीच्या किटलीचे झाकण हाच तिचा पेला असे. काही काळ काचेच्या किटल्याही आल्या, पुन्हा माती आली, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकची पातळ बाटली आल्यावर मातीचा जमाना आटोपला. त्या काळातील प्रवाशांच्या सवयींची साक्ष जमिनीनेच दिली आहे, कारण शिओदोमे येथे, जुन्या शिम्बाशी स्थानकाच्या जागी झालेल्या उत्खननात या किटल्याही वर आल्या. रिकामी भांडी खिडकीबाहेर फेकण्याची खोड इतकी जुनी होती की डब्यावर बांधल्या जाणाऱ्या छापील वेष्टन-कागदांवर, ‘काकेगामी’वर, रिकामी पेटी बाकाखाली ठेवावी अशी विनंती छापली जाई. त्याच कागदावर जेवणाविषयीची तक्रार लिहून स्थानकप्रमुखाकडे किंवा गाडीच्या रक्षकाकडे देण्यासाठी कोरी जागाही सोडलेली असे. हे कागद आज संग्राहकांच्या हौसेचा विषय झाले आहेत, मात्र चित्रांपेक्षा त्यांवरील या सूचना अधिक वाचनीय आहेत.

भोजनयानाने, म्हणजे गाडीला जोडलेल्या जेवणाच्या डब्याने, एकिबेन मागे पडेल असे वाटण्याजोगी परिस्थिती फार लवकर आली होती, कारण सानयो रेल्वेने १८९९ मध्येच क्योतो ते मिताजिरी या गाडीला ते जोडले. पण तेथे पाश्चात्त्य पद्धतीचे जेवण मिळे आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला प्रारंभी प्रवेशच नव्हता. बहुसंख्यांची भूक फलाटावरच राहिली. त्याच वर्षी ओफुना स्थानकावर हॅमचे सँडविच डब्यात भरून विकले जाऊ लागले, म्हणजे परदेशी खाद्यही फलाटावर यायला भोजनयानाची वाट पाहत बसले नाही. हळूहळू प्रत्येक स्थानकाला आपली वस्तू सापडत गेली: तोयामाला १९१२ मध्ये बांबूच्या पानांत दाबून गोल लाकडी भांड्यात भरलेली ट्राउट माशाची सुशी, ओरिओला कोंबडीच्या रसात शिजवलेला भात. होक्काइदोच्या मोरी स्थानकावरील ‘इकामेशी’ १९४१ ची, टंचाईच्या दिवसांतली आहे. तांदूळ मोजून मिळत होता आणि समुद्रात माकूळ विपुल होता, म्हणून मूठभर तांदूळ माकुळाच्या पोटात भरून तो गोडसर रसात शिजवण्यात आला. टंचाई सरली, पदार्थ राहिला, आणि आता तो चैनीचा म्हणून घेतला जातो.

युद्धानंतरच्या एकिबेनपैकी एकच निवडायचे झाल्यास ते योकोकावाचे निवडावे लागेल. गुन्मा प्रांतातील हे लहान स्थानक उसुई घाटाच्या पायथ्याशी आहे आणि १८९३ मध्ये उघडलेल्या या घाटातील रेल्वेमार्गाचा चढ दर १५ मीटरला १ मीटर इतका होता. भोर घाटातील चढ दर ३७ मीटरला १ मीटर आहे हे लक्षात घेतल्यास त्याची तीव्रता कळेल. येथे प्रत्येक गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने जोडावी लागत आणि ती जोडली जाईपर्यंत प्रवासी रिकामे बसत. अशीच जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडण्याच्या थांब्याने कर्जतच्या बटाटेवड्याला जे गिऱ्हाईक दिले, तेच या थांब्याने ओगिनोया या जुन्या एकिबेन घराण्याला दिले. या घराण्याच्या चालक ताकामिझावा मिनेजी या बाईंनी प्रवाशांना स्वतः विचारून पाहिले, तेव्हा काहीतरी गरम आणि घरच्यासारखे हवे असे उत्तर आले. त्यातून १९५८ च्या फेब्रुवारीत ‘तोगे नो कामामेशी’, म्हणजे घाटावरचा हंडीभात, निघाला. माशिको येथील मातीच्या जाड हंडीत कोंबडी, गोबो नावाचे मूळ, शिइताके अळंबी, लावरीचे अंडे, चेस्टनट आणि गोड जर्दाळू घातलेला भात १२० येनला मिळे. माती उष्णता धरून ठेवते, म्हणून हा भात हातात येताना गरम असे. गाडी घाटाकडे निघाली की फलाटावरील विक्रेते तिच्याकडे तोंड करून कमरेत वाकून नमस्कार करीत. हंडी फेकून देण्याजोगी नसल्याने ती घरी जाई आणि एका मापाचा भात शिजवायला उपयोगी पडे; तिला पर्याय म्हणून २०१३ पासून कागदाच्या लगद्याची हलकी हंडीही निघाली आहे.

हंडीभात निघाला तोवर थांबाच नाहीसा होण्याचा काळ सुरू झालेला होता. तोकाइदो मार्गाचे विद्युतीकरण १९५६ मध्ये पूर्ण झाले, पाणी आणि कोळसा यांचे थांबे गेले. १९५८ च्या नव्या जलद गाड्या वातानुकूलित आल्या आणि त्यांच्या खिडक्या उघडत नव्हत्या. १९६४ मध्ये शिन्कान्सेन ही अतिजलद रेल्वे सुरू झाली. बंद काचेपलीकडच्या विक्रेत्याला पैसे देता येत नाहीत. उसुई घाटातील रेल्वे १९९७ मध्ये नव्या शिन्कान्सेनमुळे बंद पडली, रूळ आता योकोकावालाच संपतात, आणि हंडीभात मुख्यतः महामार्गावरच्या विश्रांतिस्थानांत विकला जातो. फिरता विक्रेता ओरिओसारख्या एखाद्या स्थानकापुरता उरला आहे.

थांबे गेल्यावर एकिबेन संपले नाही, याचे श्रेय काही अंशी सर्व प्रकारच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानांना आहे. तोक्योतील शिंजुकूच्या केइओ दुकानात १९६६ पासून दरवर्षी देशभरच्या एकिबेनची जत्रा भरते आणि गावाला न जाता गावचा डबा घेण्यासाठी लोक रांगा लावतात. तोक्यो स्थानकातील मोठ्या एकिबेन दुकानातही असेच देशभराचे डबे एका छताखाली मांडलेले असतात, तेव्हा ‘स्थानकाचा डबा’ या नावातील स्थानक आता बहुधा वेष्टनावरच उरते. गरम अन्नाची जुनी मागणी कोबेच्या एका घराण्याने १९८० च्या दशकात वेगळ्या रीतीने पुरवली: डब्याच्या तळाशी कळीचा चुना आणि पाण्याची पिशवी ठेवून बाहेर दोरी काढली, जी ओढताच पिशवी फुटते, चुना विरतो आणि भात वाफाळतो.

या कुळातील एक शाखा समुद्रापार गेली. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होते, तेथील रेल्वे जपान्यांनी वाढवली आणि तिच्याबरोबर फलाटावरचा डबाही आला. जो शब्द मुळात चिनी समजला जातो तो जपानी उच्चारातून ‘बियेनदांग’ होऊन तेथील चिनी बोलीत परतला, आणि मुख्य भूमीवर ज्याला अन्य नाव आहे त्या डब्याला तैवानमध्ये आजही हेच म्हणतात. तैवानची रेल्वे स्वतः असे डबे विकते. त्यांत भातावर डुकराच्या मांसाचा तळून रसात मुरवलेला तुकडा, अंडे आणि भाजी असते. थंड भात मात्र तेथील लोकांनी स्वीकारला नाही, डबा गरमच द्यावा लागतो.