सनद नसलेली माणसे

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’पुढे शरण आले. त्यानंतरच्या दीड वर्षातले कागद शेजारी शेजारी ठेवले, तर नांदेड-लातूरकडच्या माणसाला अस्वस्थ करणारी एक गोष्ट दिसते. ज्यांच्याकडे सनदा होत्या, त्यांच्या नुकसानीचा हिशेब नीट लागला. ज्यांच्याकडे फक्त हातातले कसब होते, त्यांच्या जिवाचाही लागला नाही.

जहागिरी संपवणारा विनियम १५ ऑगस्ट १९४९ चा. ते पाऊल योग्यच होते आणि त्याला आधीच फार उशीर झाला होता. मात्र जहागिरीच्या बदल्यात द्यायच्या रकमेचा दुसरा विनियम २५ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्याच्या आदल्या दिवशी निघाला. जहागीरदार, त्याचे हिस्सेदार, गुजाऱ्यावर जगणारे नातेवाईक, प्रत्येकाच्या वाट्याची त्यात सोय आहे. पुढे हे दोन्ही विनियम घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेले. तिथे त्यांचे क्रमांक १२ आणि १३. खुद्द निजाम राजप्रमुख झाला. त्याला सालिना ५० लाखांचा तनखा ठरला.

आता दुसरा कागद. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी ते बोलले. त्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या राजवटीची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, हिंदूंवर केलेले अत्याचार अहवाल मान्य करतो, आणि ते विसरून तो वाचताही येणार नाही. पण पोलीस कारवाईच्या वेळी व त्यानंतर मुसलमानांचे जे शिरकाण झाले, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त पोळले, असे तो सांगतो. या चारांत मिळून किमान १८ हजार माणसे गेली, असा समितीचा अंदाज.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी इथलाच वकील. समितीच्या म्हणण्याप्रमाणे गावात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या. सुमारे १० हजार मुसलमानांपैकी जेमतेम ३ हजार तिला आढळले. इथे वाचकाने घाई करू नये. उरलेले ७ हजार सगळे मारले गेले, असे अहवाल म्हणत नाही. हजारावर मारले गेले, बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी पळाले, असे तो म्हणतो.

या आकड्यांच्या गर्दीत एक नोंद आहे, तिच्यापाशी मी दर वेळी थांबतो. एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये आपलेपणा विशेष दिसला, असे समितीने लिहिले आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचवले आणि ते करताना काहींनी स्वतःचा जीव गमावला. दोघांचा माग एक, सूत एक, व्यापाऱ्याकडून होणारी अडवणूकही एक. जहागीरदाराच्या धर्माने मुसलमान विणकराला काही दिले नव्हते. संकटात त्याच्या दारात उभा राहिला तो शेजारचा विणकर.

संपूर्ण संस्थानात किती माणसे मेली? अहवालाचे उत्तर २७ ते ४० हजार. या दोन आकड्यांत १३ हजार माणसांचे अंतर आहे. जहागिरीच्या रकमेत एवढे अंतर कुणी चालवून घेतले नसते.

त्या विणकरांची नावे त्या नोंदीत नाहीत. लातूर, औसा, उदगीर, कंधार, नांदेड या भागातल्या कुणाच्या घरी अशी आठवण सांगितली जात असेल, तर ती नाव, गाव आणि सांगणाऱ्याच्या उल्लेखासह लिहून ठेवा. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत.