कवाइतीचा तास

व्यायामानें शरीर सुधारतें हें सर्वांस मान्य आहे. परंतु तोच व्यायाम एका वर्गांत मुलांस हवासा वाटतो आणि दुसऱ्या वर्गांत त्याच्या नांवानेंच पोटांत गोळा उठतो, याचा विचार आमचे शिक्षणशास्त्री फारसा करीत नाहींत. या दृष्टीनें इंग्लंडांतील शाळांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

बोअर युद्धाच्या काळांत (१८९९–१९०२) सैन्यांत भरती होऊं पाहणाऱ्या अनेक तरुणांचीं शरीरें कुचकामाचीं आढळलीं, तेव्हां राज्यकर्ते धास्तावले. १९०२ मध्यें शिक्षणखात्यानें युद्धखात्याच्या सल्ल्यानें शाळांसाठीं व्यायामाचा एक पाठ्यक्रम काढला. तो म्हणजे पलटणींतील कवाइतच होती. कोवळें पोर आणि मिसरूड फुटलेला रंगरूट यांत भेद नाहीं. मुलगा व मुलगी यांतही नाहीं. हुकूम सुटावा आणि सर्वांनीं एकदम हलावें, एवढाच काय तो वर्गाचा धर्म! त्यावर इतकी टीका झाली कीं दोनच वर्षांत, १९०४ मध्यें, दुसरा पाठ्यक्रम काढावा लागला. १९०९ मध्यें स्वीडिश पद्धतीचा जम बसला. मार्टिना ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनीं १८८५ पासून तयार केलेल्या शिक्षिकांनीं ती आधींच रुजविली होती. तरी हुकूम होताच. १९१९ च्या पुस्तकांत मात्र खेळ व आनंद यांस मानाचें स्थान मिळालें, आणि १९५२ च्या पुस्तकांत तर उडी कशी मारावी हें मुलानेंच शोधावें, असें धोरण दिसतें. पोरास हसतां आलें पाहिजे, इतकें उमजावयास सरकारास पन्नास वर्षें लागलीं.

आपल्याकडील तासही 'सावधान-विश्राम' याच वळणाचा. आम्ही अंगानें किरकोळ. आमच्या शाळेंतील शिक्षक आम्हांस रांगेंतून ओढून पुढें उभें करीत आणि वर्गास दाखवीत. वर्ग हसे. दर शुक्रवारीं सकाळपासून आमचें डोकें दुखूं लागे. घरीं तें सोंग वाटे, पण दुखणें खरें होतें.

एकदां ते रजेवर असतां संस्कृतचे वृद्ध गुरुजी तासास आले. कवाइतींतलें त्यांस कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांनीं धोतर खोंचून लंगडी मांडली आणि पहिल्या झटक्यास स्वतःच बाद झाले. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्या दिवशीं आम्हीं तीन गडी टिपले.